स्पर्धाबंदी आणि शिक्षा: खेळाचा नियम कुठे संपतो, गुन्हा कुठे सुरू होतो

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात भातकापणी उरकली की मळ्यांत आणि सड्यांवर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात, आणि देवळासमोरच्या पटांगणात प्रकाशझोतात कबड्डीचे सामने रंगतात. प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकावर, बक्षिसांच्या ठळक आकड्यांखाली, बारीक अक्षरांत काही ओळी छापलेल्या असतात: पंचांचा निर्णय अंतिम राहील, खेळाडूंनी आधार कार्ड सोबत आणणे बंधनकारक आहे, गैरवर्तन करणाऱ्या संघास स्पर्धेतून बाद करण्यात येईल. या ओळी कोणी फारशा वाचत नाही, पण संघटित खेळाची सारी शिस्त, मग ती गावच्या मंडळाची असो की भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची, याच जातीच्या ओळींवर उभी असते. या शिस्तीचा भंग आणि देशाच्या कायद्याने ठरवलेला गुन्हा या दोन गोष्टींची चर्चेत सतत गल्लत होते. एखाद्या खेळाडूवर बंदी आली की तो गुन्हेगार ठरला असे मानले जाते, न्यायालयाने त्याला सोडले की मग बंदी कशाला असे विचारले जाते, आणि खरोखरीचा गुन्हा घडतो तेव्हा मात्र मैदानातले मैदानात मिटवा असा सल्ला दिला जातो.

आधार कार्डाच्या त्या ओळीपासूनच सुरुवात करू. स्पर्धा गावापुरती किंवा पंचक्रोशीपुरती असताना एखाद्या संघाने बाहेरचा तगडा फलंदाज आणून दुसऱ्याच्या नावावर उतरवला, तर तो नियमभंग आहे. संघ बाद होतो, प्रवेश फी जाते आणि वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. मात्र त्याच फलंदाजासाठी कोणी संगणकावर नाव आणि पत्ता बदलून बनावट आधार कार्ड तयार केले, तर मंडळाने संघाला बाद करून प्रकरण संपत नाही. बनावट दस्तऐवज तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, आणि तो मंडळाविरुद्ध नसून कायद्याच्या दृष्टीने राज्याविरुद्ध आहे. अध्यक्षांनी मोठ्या मनाने माफ केले म्हणून तो पुसला जात नाही.

फरकाचे मूळ अधिकाराच्या उगमात आहे. संघटनेला खेळाडूवर मिळणारा अधिकार हा त्याच्या स्वतःच्या संमतीतून येतो: नोंदणी, करार, प्रवेशपत्रिकेवरची सही. म्हणून संघटना त्याला खेळण्यापासून रोखू शकते, मानधन कापू शकते, पदक परत घेऊ शकते. पण ती त्याला अटक करू शकत नाही, त्याच्या घराची झडती घेऊ शकत नाही आणि एक तासही कोठडीत ठेवू शकत नाही. ते सारे राज्याचे अधिकार आहेत, आणि त्यासाठी कोणाच्या सहीची गरज नसते. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला व शिक्षा नको, असे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये म्हटले आहे. पण संघटनेची शिस्तभंगाची कारवाई हा त्या अर्थाने खटलाच नसल्यामुळे बंदी आणि तुरुंगवास ही दोन्ही एकाच कृत्यासाठी होऊ शकतात.

दुसरा फरक पुराव्याचा आहे, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. फौजदारी न्यायालयात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो आणि ती जबाबदारी सरकार पक्षाची असते. क्रीडा लवादांना, म्हणजे खेळातील वाद निकाली काढणाऱ्या मंडळांना, एवढी कठोर कसोटी लावावी लागत नाही. आरोपाच्या गांभीर्याच्या मानाने निर्णय देणाऱ्यांची पुरेशी खात्री पटली की पुरते. ही कसोटी दिवाणी दाव्यापेक्षा कडक आणि फौजदारी खटल्यापेक्षा सैल असते. त्यामुळे तोच पुरावा एका ठिकाणी पुरा आणि दुसऱ्या ठिकाणी अपुरा पडू शकतो, आणि त्यात विसंगती नसते.

२०१३ चे आयपीएल प्रकरण या दृष्टीने तपशीलवार पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी १६ मे रोजी दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सचे श्रीसंत, अजित चंडिला आणि मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण यांना अटक केली. ठरावीक षटकात ठरावीक धावा द्यायच्या आणि त्याआधी कमरेला टॉवेल खोचण्यासारखी एखादी खूण करायची, असा आरोप होता. पोलिसांनी त्यांच्यावर मोक्का लावला, म्हणजे महाराष्ट्राने १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध केलेला आणि पुढे दिल्लीलाही लागू झालेला कायदा. नियामक मंडळाने सप्टेंबर २०१३ मध्ये श्रीसंत आणि चव्हाण यांच्यावर आजीव बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, म्हणजे साक्षीपुराव्याचा टप्पा येण्याआधीच खटला चालवण्याइतके प्रथमदर्शनी काही नाही असे ठरवले. साहजिकच बंदी उठावी अशी मागणी झाली. मंडळाने ती मानली नाही. केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये श्रीसंतवरची बंदी रद्द केली, पण काही आठवड्यांतच त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती पुन्हा लागू केली. अखेर मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिस्तभंगाचा ठपका कायम ठेवला, आजीव बंदी मात्र बाजूला सारून शिक्षेच्या प्रमाणाचा फेरविचार करण्यास सांगितले, आणि मंडळाच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. ज्या माणसाला फौजदारी न्यायालयाने खटल्यालाही उभे केले नाही, त्याने सात वर्षे बंदी भोगली. यात अन्याय झाला की नाही यावर दुमत होऊ शकते. पण कायद्याच्या दृष्टीने हे दोन निकाल एकमेकांना खोडत नाहीत.

याच्या शेजारी २०१० ची लॉर्ड्स कसोटी ठेवली की दुसरी बाजू दिसते. सलमान बट, मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर या पाकिस्तानी खेळाडूंनी ठरवून नो बॉल टाकण्याचा कट केला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या लवादाने फेब्रुवारी २०११ मध्ये बटला दहा, आसिफला सात आणि आमिरला पाच वर्षांची बंदी दिली. पहिल्या दोघांच्या बंदीचा काही भाग स्थगित होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या न्यायालयाने बटला ३० महिने, आसिफला १२ महिने आणि आमिरला ६ महिने कैद सुनावली. तिथे हे शक्य झाले, कारण जुगारात फसवणूक हा इंग्लंडच्या २००५ च्या जुगारविषयक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. भारतात सामना निश्चिती हा नाव घेऊन सांगितलेला गुन्हा नाही. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने खेळाडूंवरील फसवणुकीचा गुन्हा रद्द केला. असे वर्तन अप्रामाणिक आणि बेशिस्तीचे असू शकते, त्यावर कारवाई करायला नियामक मंडळ आहे, पण ते फसवणुकीच्या व्याख्येत बसत नाही, असे कारण दिले. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७६ व्या अहवालात हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली होती. श्रीलंकेने २०१९ मध्ये तसा कायदा केलासुद्धा. आपल्याकडे पोलिस अजूनही जुगारबंदी, फसवणूक किंवा मोक्का यांपैकी जे हाताला लागेल ते कलम लावतात आणि न्यायालयात ते टिकत नाही. माझ्या मते २०१३ च्या प्रकरणातला खरा दोष न्यायाधीशांचा किंवा मंडळाचा नव्हता. तो या रिकाम्या जागेचा होता.

उत्तेजक द्रव्यांच्या बाबतीत तर सिद्धतेचा भार पूर्ण उलटतो. नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले की नियमभंग झाला. ते कसे आले हे सिद्ध करण्याचे काम खेळाडूचे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या कुस्तीगीर नरसिंग यादवने २०१६ मध्ये आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी द्रव्य मिसळल्याची पोलिसांत तक्रार केली. तरीही रिओ ऑलिंपिकमधल्या त्याच्या लढतीच्या तोंडावर आंतरराष्ट्रीय क्रीडा लवाद न्यायालयाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. पण एवढ्याने तो गुन्हेगार ठरत नाही. भारतात उत्तेजक घेणे हा खेळाडूपुरता फौजदारी गुन्हा नाही, इटलीसारख्या काही देशांत आहे.

आता मैदानावरच्या मारामारीकडे वळू, कारण आपल्या किनाऱ्यावर सट्ट्यापेक्षा हा प्रश्न जास्त वेळा उभा राहतो. कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो, बाकीचे अंगावर येतात आणि खाली सापडलेल्या पायाचे हाड मोडते. न्याय संहितेत हाड मोडणे ही गंभीर दुखापत आहे, पण इथे गुन्हा नाही. खेळताना होणाऱ्या इजेला प्रौढ खेळाडूची संमती गृहीत धरली जाते. जुन्या दंडसंहितेच्या कलम ८७ मध्ये, जे आता न्याय संहितेचे कलम २५ झाले आहे, तलवारबाजीचे उदाहरणच दिले आहे: दोघे करमणुकीसाठी खेळत असताना नियमाने खेळणाऱ्याकडून दुसऱ्याला इजा झाली तर तो गुन्हा नाही. चढाईपटूचे तोंड दाबणे किंवा पायांची कैची घालणे हा नियमभंग आहे. पंच त्यावर ताकीद देतील, कार्ड दाखवतील, फार तर खेळाडूला बाहेर काढतील. मात्र शिट्टी वाजल्यावर, चढाई संपल्यावर, त्याच कोपरारक्षकाने रागाने चढाईपटूच्या तोंडावर ठोसा मारला, तर ती संमती तिथे संपलेली असते. दात पडला तर गंभीर दुखापत, नुसता ओठ फुटला तर साधी. साध्या दुखापतीत पोलिस अदखलपात्र नोंद करून न्यायालयाचा रस्ता दाखवतात, गंभीर असेल तर स्वतः तपास करतात. मांडवामागे सामन्यानंतर काठ्या निघाल्या तर खेळाचा संबंध उरलेलाच नसतो, मग भांडण कितीही एका गुणावरून सुरू झालेले असो.

स्कॉटलंडचा फुटबॉलपटू डंकन फर्ग्युसन याने १९९४ मध्ये सामना चालू असताना प्रतिस्पर्ध्याला डोक्याने धडक दिली. फुटबॉल संघटनेने त्याला १२ सामन्यांची बंदी दिली, न्यायालयाने तीन महिन्यांची कैद. अमेरिकी मुष्टियोद्धा माइक टायसनचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९२ मध्ये तो बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तीन वर्षांच्या आसपास तुरुंगात राहिला, मार्च १९९५ मध्ये सुटला आणि त्याच ऑगस्टमध्ये रिंगणात उतरला. पुढच्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. १९९७ मध्ये त्याने लढतीत प्रतिस्पर्धी होलीफील्डचा कान चावला तेव्हा फौजदारी खटला झाला नाही, पण नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने परवाना रद्द केला आणि ३० लाख डॉलर दंड केला. खेळाच्या यंत्रणेला कान चावण्याचा जेवढा राग आला तेवढा बलात्काराचा आला नाही, असे म्हणावे लागते. कारण कानाने खेळाची अब्रू गेली आणि बलात्कार रिंगणाबाहेर झाला होता.

ही वृत्ती परक्यांचीच आहे असे नाही. नवज्योतसिंग सिद्धू याच्या हातून डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळात रस्त्यावरच्या भांडणात एका वृद्धाला मारहाण झाली आणि तो वृद्ध मरण पावला. खटला चालू असताना सिद्धू दहा वर्षे भारताकडून खेळत राहिला. आरोप सिद्ध होईपर्यंत खेळू देणे समर्थनीय आहेच. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली तोवर त्याची कारकीर्द संपून दोन दशके उलटून गेली होती.

गावपातळीवर या वृत्तीचे नाव मिटवणे. चांगला चढाईपटू, मुंबईच्या संघात निवड होण्याच्या बेतात, पोराचे आयुष्य कशाला बरबाद करता, अशी समजूत घालून मंडळ दोन कुटुंबांना एकत्र बसवते. साध्या मारहाणीत तडजोड कायद्यालाही मान्य आहे. परंतु प्रशिक्षकाने अल्पवयीन मुलीशी किंवा मुलाशी लैंगिक गैरवर्तन केले असेल, तर त्याला शिबिरातून काढून टाकले एवढ्यावर थांबण्याचा अधिकार मंडळाला नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा कृत्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हाच कलम २१ खाली गुन्हा आहे. मिटवणारे अध्यक्ष, सचिव आणि गप्प राहिलेले सहप्रशिक्षक हे तिथे साक्षीदार राहत नाहीत.

उलट दिशेने मंडळाची शिक्षाच गुन्हा होऊ शकते, आणि ही शक्यता कोकणात पुस्तकी नाही. रायगड जिल्ह्यातून गावकीने वाळीत टाकल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. एव्हरेस्ट सर करून आलेल्या तिथल्या एका गिर्यारोहकाच्या कुटुंबाचीही अशी तक्रार वर्तमानपत्रांत गाजली होती. २०१६ मध्ये राज्य विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पंचाच्या अंगावर धावून गेलेल्या खेळाडूला मंडळाने दोन हंगाम स्पर्धेत घ्यायचे नाही असे ठरवले, त्याला लेखी कळवले, त्याचे म्हणणे ऐकून घेतले, तर ती शिस्तीची कारवाई आहे. तेच मंडळ गावकी म्हणून बसले आणि या घराची पालखी घ्यायची नाही, त्यांच्या लग्नकार्याला जायचे नाही, त्यांच्याशी बोलेल त्याला दंड, असा ठराव झाला, तर विषय खेळाचा राहिला नाही. पीडित कुटुंबाला पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, आणि तेव्हा खेळाडूवरची दोन हंगामांची बंदी तशीच कायम राहून ती घालणारे पंच स्वतः आरोपी होऊ शकतात.