परगावाहून आलेल्यांचा खाण्याचा गाडा: विक्रेता प्रमाणपत्र आणि कर्जाचा अर्ज

बेळगावचा कुंदासुद्धा राजस्थानातून आलेल्या हलवायाने इथे रुजवला, असं जुनी माणसं सांगतात. आज तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मोमोचा किंवा लिट्टीचा गाडा लावणारे त्याच वाटेने आलेत. विक्रेता प्रमाणपत्र काढताना त्यांची पहिली अडचण ठरलेली: "आधारवर पत्ता गावाकडचा आहे, चालेल का?"

चालतो. २०१४ च्या केंद्रीय पथविक्रेता कायद्यात स्थानिक रहिवासी असण्याची अट नाही. वयाची १४ वर्षं किंवा राज्याने ठरवलेलं वय पूर्ण हवं, पोटापाण्याचं दुसरं साधन नसावं आणि गाडा स्वतः किंवा घरच्यांनी चालवावा. प्रमाणपत्र भाड्याने द्यायचं नाही. चार दिवस गावी जायचं म्हणून दुसऱ्याच्या हाती गाडा आणि कागद सोपवणाऱ्यांना हे आधीच सांगा.

प्रमाणपत्र पालिकेच्या पथविक्रेता सर्वेक्षणात नाव असलेल्यांना मिळतं. नाव राहून गेलं असेल तर पालिकेकडे शिफारसपत्र मागता येतं. विक्रेता संघटनेचं सदस्यत्व असेल तर ते जोडा. काहीच नसेल तर साध्या कोऱ्या कागदावर अर्ज करून जागेवर चौकशी करण्याची विनंती करा. बेळगावात महापालिकेकडे, बाकी गावांत तिथल्या नगरपालिकेकडे किंवा पट्टण पंचायतीकडे जायचं. फॉर्म कन्नडमध्ये असेल तर शेजाऱ्याने बसून भरून द्यावा. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करताना हात कसा अडखळतो, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? तक्रार मात्र मराठीत किंवा हिंदीतही देता येते, संविधानाचं कलम ३५० तो हक्क देतं.

ह्या कागदाचा खरा उपयोग गाडा उचलला जातो तेव्हा कळतो. जागा हलवायची तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर यादी सही-शिक्क्यासह मागून घ्या. दंड भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत मिळायला हवा. भिजवलेलं पीठ आणि चिरलेली भाजी गेली की त्या घराचा दिवसाचा गल्ला गेला, म्हणून हा नियम गाड्यावरच लिहून ठेवावा.

प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र हाती आलं की पीएम स्वनिधीचा, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या कर्ज योजनेचा, अर्ज करता येतो. २०२५ मधल्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, दुसरं २५,००० आणि तिसरं ५०,००० पर्यंत मिळतं. तारण लागत नाही. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत आहे. आधार, मतदार ओळखपत्र आणि बँक पासबुक सोबत ठेवा. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. गावाकडचा जुना नंबर बंद पडलेला असतो आणि ओटीपी तिकडेच जातो. अर्ज इथेच अडतो, म्हणून आधी तो बदलून घ्या.

गाळ्यातली खाणावळ असेल तर वाट वेगळी: भाडेकरार आणि पालिकेचा व्यापार परवाना. फलकाच्या वरच्या भागात ६० टक्के कन्नड असावं लागतं, हा २०२४ चा नियम रंगाऱ्याला आधीच सांगा. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचं मात्र गाडेवाला आणि खाणावळवाला दोघांनीही आधी विचारून घ्यावं, फोटो आणि ओळखपत्र सोबत ठेवावं.

कुठलाही अर्ज दिला की झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या.