कागदाची घडी, चालते चित्र आणि सिग्नलचा वर्ग

1958 साली ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये राल्फ ब्लॅकमन आणि जॉन टुकी यांचा एक दीर्घ लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. सिग्नलची (आवाजासारख्या वेळेनुसार बदलणाऱ्या मापाची) शक्ती कोणत्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे सेकंदाला किती कंपने या मापाला, किती आहे, हे हाती असलेल्या मोजमापांवरून कसे काढायचे, हा त्याचा विषय. सॅम्पलिंगच्या, म्हणजे ठरावीक अंतराने सिग्नल मोजत जाण्याच्या, वेगाच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीला त्यांनी घडीची फ्रिक्वेन्सी म्हटले. तिथे अक्ष दुमडतो आणि पलीकडचे सगळे अलीकडच्यावर येऊन पडते. नायक्विस्टचा 1928चा आणि शॅननचा 1949चा निबंध या विषयाचा पाया मानले जातात. पण वर्गात शिकवायचे असेल तर ही घडीची कल्पना मला सर्वांत जास्त उपयोगी वाटते, कारण ती खरोखर हाताने घालता येते.

पारंपरिक डिजिटल टेलिफोनवर आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजला जातो. ट्रेसिंग पेपरची लांब पट्टी घेऊन तिच्यावर 0 ते 16 हजार हर्ट्झचा अक्ष आखा. 4, 8 आणि 12 हजारांवर उलटसुलट घड्या घाला, म्हणजे चार थर एकावर एक बसतात. आता 3 हजाराच्या खुणेवर टाचणी आरपार टोचा आणि पट्टी उलगडा. भोके चार ठिकाणी पडलेली दिसतात: 3, 5, 11 आणि 13 हजार. या चारही फ्रिक्वेन्सींच्या कोसाइन लहरी सेकंदाला 8000 वेळा मोजल्या तर हाती अगदी तेच आकडे येतात. एकदा मोजले की कोणती लहर मूळची होती हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून नको असलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर सॅम्पलिंगच्या आधी बसवावा लागतो. नंतर बसवून उपयोग नाही. ‘आधी का, नंतर का नाही?’ हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. त्याचे उत्तर पाठ करणाऱ्या मुलांना टाचणीची भोके दाखवली की पाठांतराची गरज उरत नाही.

कन्व्होल्यूशनचेही, म्हणजे दोन सिग्नल मिसळून तिसरा काढण्याच्या क्रियेचेही, तसेच. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या पायऱ्या घडी, सरकवणे, गुणाकार आणि बेरीज अशाच दिलेल्या असतात. एका पट्टीवर 1, 2, 3 लिहा. दुसरीवर 1, 1 लिहून ती उलटी करा आणि पहिलीखालून एकेक घर सरकवा. समोरासमोर आलेल्या आकड्यांचा गुणाकार करून बेरीज घेतली की 1, 3, 5, 3 हे उत्तर येते. पट्टी उलटी का करायची हे सूत्रातल्या उणे चिन्हाकडे पाहून कळत नाही. सरकवताना कळते, कारण आधी आलेला आकडा आधी भेटायला हवा.

कागद शिकवण्यासाठी वापरण्याची परंपरा मात्र सिग्नलपेक्षा बरीच जुनी आहे. जर्मनीत फ्रोबेलने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किंडरगार्टनची पद्धत उभी केली. तिच्यात घडीकामाला मानाचे स्थान होते. त्या साहित्यावरून मद्रास इलाख्यातले एक सरकारी अधिकारी टी. सुंदर राव यांना कल्पना सुचली आणि 1893 साली मद्रासमध्ये त्यांचे भूमितीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. बहुभुज, श्रेढी, शांकव (लंबवर्तुळासारखे वक्र) हे सगळे फक्त चौकोनी कागदाच्या घड्यांमधून. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि 1901 साली शिकागोहून त्याची नवी आवृत्ती आली. भारतातल्या एका अधिकाऱ्याने लिहिलेले हे पुस्तक जगभर वाचले गेले, आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्याचे नावही निघत नाही, याचे मला वाईट वाटते. घडीने घनमूळ काढता येणार नाही असा रावांच्या मांडणीचा सूर होता. 1936 साली इटलीत मार्गेरिता बेलोक यांनी घड्यांनी त्रिघाती समीकरणही सुटते, म्हणजे घनमूळही निघते, हे दाखवले. पुढे जपानच्या कोर्यो मिउरा यांनी शोधलेली घडी 1995 साली अवकाशात गेलेल्या जपानी यानाच्या सौर पॅनेलसाठी वापरली गेली. कागद तोवर इंजिनिअरिंगमध्ये पुरता रुळला होता.

चलचित्राची वाट वेगळी. ब्लॅकमन आणि टुकी यांच्याप्रमाणे बेल लॅब्समधलेच जॉन शाइव्ह यांनी एका तारेवर आडव्या काड्या बसवून तरंगयंत्र बनवले आणि 1959 साली त्यावर शैक्षणिक फिल्म झाली. टोकाला आपटून परतणारी लहर आणि काहीही न परतता शोषली जाणारी लहर त्यात इतक्या संथपणे दिसते, की इम्पिडन्स जुळवणे (लहर परतू नये म्हणून टोकाचा विरोध माध्यमाच्या विरोधाइतका ठेवणे) म्हणजे काय हे त्याहून चांगले दाखवलेले मी पाहिलेले नाही. 1975 साली एमआयटीत अ‍ॅलन ओपनहाइम यांची डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगवरची व्याख्याने व्हिडिओवर नोंदली गेली. ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ची मालिका 1987ची. दोन्ही आज फुकट पाहायला मिळतात. भारतात 2003पासून आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. पवईच्या आयआयटीतल्या प्रा. विक्रम गद्रे यांची सिग्नल प्रोसेसिंग आणि वेव्हलेट्सवरची व्याख्याने त्यातूनच गावोगावच्या कॉलेजांपर्यंत पोहोचली.

कागद आणि चलचित्र या दोन वाटा आपल्याकडे खऱ्या अर्थाने एकत्र आल्या त्या पुण्यात. कानपूर आयआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता टेल्कोतली नोकरी सोडून विज्ञानशिक्षणाकडे वळले. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमाशी त्यांचा संबंध आला आणि 2003 ते 2014 या काळात ते आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. कागद, काडेपेटी, जुन्या चपलेचे रबर यांतून केलेल्या खेळण्यांच्या छोट्या फिल्म तिथे बनल्या आणि मराठीसह अनेक भाषांत गेल्या. कॅमेरा बहुतेक वेळ हातांवरच असतो, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर नाही. घडी शिकवताना नेमके तेच लागते.

सिग्नलच्या वर्गाला व्हिडिओचा आणखी एक फायदा आहे: व्हिडिओ स्वतःच सॅम्पल केलेला असतो. मोबाइल सेकंदाला 30 चित्रे टिपतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 300 फेरे घेत असेल तर एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत पाते 60 अंश सरकते. हे दोन पात्यांमधल्या अंतराच्या बरोबर निम्मे, म्हणजे पंखा नेमका घडीवर. चांगल्या उजेडात चित्रण करत रेग्युलेटर वाढवला आणि वेग 330 झाला, की पडद्यावर तोच पंखा 270च्या वेगाने उलटा फिरतो.

उलट्या फिरण्याची फ्रिक्वेन्सी उणे चिन्हाने लिहितात, त्यातून ऋण फ्रिक्वेन्सी येते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सर्वांत छळणारी कल्पना हीच. तिच्यासाठी पुन्हा कागद घ्यावा, या वेळी पारदर्शक. आयतावर कर्ण आखा आणि कागदाची नळी करा. कर्णाची सर्पिल रेघ होते. बाजूने पाहिले तर कोसाइन, वरून पाहिले तर साइन, टोकाकडून पाहिले तर वर्तुळ. कॅमेरा हळूहळू फिरवला की एकच रेघ तिन्ही रूपांत दिसते. दुसऱ्या कागदावर विरुद्ध कर्ण आखून नळी केली की सर्पिल उलट्या दिशेने फिरते. दोन्ही नळ्यांवरची कोसाइन सारखीच राहते आणि साइनची चिन्हे विरुद्ध होतात. बेरजेत साइन संपते आणि दुप्पट कोसाइन उरते. म्हणजे प्रत्यक्षातल्या साध्या कोसाइन लहरीतही ऋण फ्रिक्वेन्सीचा अर्धा वाटा आहे, हे मुलांना दोन नळ्या हातात धरून पाहता येते.