सैन्यकपात, ब्रिटिश भारतातील (१९१९–१९३३)

पहिल्या महायुद्धानंतर हिंदी फौज पुन्हा शांतताकाळाच्या बेतात बसवण्याची प्रक्रिया. युद्धाआधी फौजेत दीड लाखाच्या आसपास लढाऊ माणसे होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ती पावणेसहा लाखांच्या घरात गेली. तिजोरीला हा भार पेलणारा नव्हता. १९२३ मध्ये सरकारी खर्चकपातीसाठी नेमलेल्या इंचकेप समितीने लष्करी खर्च टप्प्याटप्प्याने ५० कोटी रुपयांवर आणण्याची शिफारस केली.

भरती थांबवणे आणि युद्धकाळात उभारलेल्या जादा पलटणी मोडणे हा सोपा भाग. पुढचे युद्ध आले तर फौज वाढवायची कशी, ही खरी अडचण. १९१४ मध्ये राखीव शिपाई थोडे होते, त्यांतले अनेक वयाने उतरलेले. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातले (आजचे इराक) कूत-अल-अमारा पडले तेव्हा १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कैद झाल्या आणि नव्याने उभ्या कराव्या लागल्या. एरवीही खिंडार बुजवायला दुसऱ्या पलटणींतून तुकड्या तोडून आणत. शिपायाला ना अधिकारी ओळखीचा, ना शेजारचा गडी.

त्यामुळे १९२२ मध्ये सुट्या पलटणी २० रेजिमेंटांत गोवल्या. ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या अनुक्रमे पहिली ते पाचवी पलटण झाल्या. ११४वी रेजिमेंटच्या बाकी पलटणींना शिपाई तयार करून देणारी प्रशिक्षण पलटण बनली. तिला क्रमांक मिळाला १०. मधले ६ ते ९ मोकळे सोडले, युद्धकाळातल्या नव्या पलटणींसाठी. संपूर्ण योजनेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणावी लागेल.

घोडदळाचे ३९ रिसाले २१ वर आले: ३६ रिसाल्यांच्या १८ जोड्या लावल्या, तीन तसेच राहिले. ३३व्या आणि ३४व्याची मिळून पूना हॉर्स झाली. शिपायाने स्वतःचा घोडा आणण्याची शिलेदारी पद्धतही याच सुमारास संपली. घरापासून दूरच्या लांबलेल्या युद्धात घोडे मेले की नवे आणायचे कोणी, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते.

कुऱ्हाड मात्र सर्वांवर सारखी पडली नाही. काही समाजच जन्मतः लढवय्ये असे मानून ‘लढाऊ जाती’ ठरवणाऱ्या धोरणाची तिला दिशा होती. १९१७ मध्ये उभारलेली १११वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली. मद्रास रेजिमेंट १९२८ पर्यंत संपली. १९३३ मध्ये रस्ते-खंदक बांधणाऱ्या पायोनियर रेजिमेंटही गेल्या, त्यात बॉम्बे पायोनियर्स होती. यांच्यासाठी मोकळा क्रमांक कुठेच ठेवलेला नव्हता. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट नव्यानेच उभारावी लागली.