दोनशे मीटरचा चढ आणि राज्याची तिजोरी

कृष्णेला पूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी बातम्यांत दिसू लागली, की एक मागणी हमखास पुढे येते: हे वाया जाणारं पाणी जत-आटपाडीला का देत नाही? २०१९ च्या महापुरात ती फार जोरात झाली. त्यामागची तळमळ खरी आहे. एकाच सांगली जिल्ह्यात एकीकडे घरं बुडतात आणि दुसरीकडे माणसं टँकरची वाट बघतात, हे कुणालाही अस्वस्थ करणारं आहे. पण वाया जाणारं पाणी म्हणजे फुकटचं पाणी, हा समज साफ चुकीचा आहे.

धरणाचं पाणी कालव्यातून उताराने आपसूक जातं. जत, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ हा मुलूख मात्र नदीच्या वर आहे. म्हणून ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजना. त्यांत पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवावं लागतं, आणि चढवायला किती ऊर्जा लागेल हे कुठलंही सरकार ठरवू शकत नाही. ते शाळेतलं सूत्र ठरवतं: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची.

आकडे घालून बघू. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. ते २०० मीटर वर न्यायचं, तर १००० × ९.८ × २०० म्हणजे १९ लाख ६० हजार ज्यूल लागतात. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून हे झालं ०.५४ युनिट. पंप, मोटार आणि पाइपातलं घर्षण मिळून तीसेक टक्के ऊर्जा खातात असं धरलं, तर प्रत्यक्षात ०.७८ युनिट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, भरतं २ कोटी ८३ लाख घनमीटर, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास युनिटं. युनिटला ६ रुपये धरले तरी एका टीएमसीला १३ कोटी रुपये, आणि तेही दरवर्षी नव्याने.

आता पुराकडे या. नदीतून सेकंदाला एक लाख घनफूट पाणी वाहत असेल, तर दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी निघून जातं. त्यातलं फक्त एक टीएमसी एका दिवसात २०० मीटर चढवायचं म्हटलं, तर चोवीस तास नऊशे मेगावॅटहून अधिक वीज लागेल. कोयनेची सगळी वीजगृहं मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॅट! म्हणजे जवळपास अर्धी कोयना एका टीएमसीला जुंपायची, आणि एवढ्या ताकदीचे पंप उरलेलं वर्षभर बसून राहणार. पूर उपसून ओसरत नाही तो यामुळे.

कोयनेचंच पाणी बघा, मला हा हिशेब फार आवडतो. ते पश्चिमेला सोडलं की पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळतं आणि एक घनमीटर साधारण १.१ युनिट वीज देऊन जातं. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने अशा वळवण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. तेच पाणी पूर्वेकडे आलं की कराडला कृष्णेला मिळतं, आणि खाली टेंभूला उचललं तर वीज मागतं. दोन्ही मिळून घनमीटरमागे पावणेदोन-दोन युनिटांचा फरक. दुष्काळी तालुक्यांना पाणी देऊ नका, असा याचा अर्थ अजिबात नाही. २०२२ मध्ये जतच्या सीमेवरच्या गावांनी पाण्यापायी कर्नाटकात जायची भाषा केली, ती हौसेने नव्हे. फक्त आपण काय देतोय, हे कळून द्यावं.

कारण बांधकामासाठी काढलेलं कर्ज कधीतरी फिटतं, योजना मागे उरते. वीजबिल हा महसुली खर्च, तो संपत नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज भागवून जे उरतं त्यातून तो निघायचा. पूर्वी बिल थकलं की पंप बंद व्हायचे, मग आंदोलन, मग टंचाई निधीतून बिल भरून आवर्तन सुरू. पुढे ८१-१९ चं सूत्र आलं: वीजबिलाचे ८१ टक्के सरकारचे, १९ टक्के शेतकऱ्याचे. त्यामुळे पाणी नियमित झालं, हे मान्यच. पण ते कुठल्या पिकाला जातं?

उसाला वर्षाला अंदाजे दोन मीटर पाणी लागतं. पाऊस वजा जाता दीड मीटर धरलं, तर एकराला ६००० घनमीटर, म्हणजे ४७०० युनिटं, २८ हजार रुपयांची वीज. त्यातले जवळपास २३ हजार तिजोरीतून. रब्बी ज्वारीला दोन-तीन पाणी दिलं तर ६०० घनमीटरमध्ये भागतं, खर्च दहावा हिस्सा. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे आठवते ना? ५० वाघिणींची ती गाडी एका खेपेत २५ लाख लिटर न्यायची. एकरभर उसाचं ६००० घनमीटर म्हणजे तशा दोन गाड्या रिकाम्या करूनही पुरं होत नाही.

ओघात एक सांगायलाच हवं. टेंभूचं पाणी आलेल्या गावांत विहिरी भरल्या, आणि त्याचं श्रेय कुठे कुठे तळहातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याला मिळतं. कालव्यातून आणि तलावांतून झिरपलेलं पाणी मुरमात उतरतं, म्हणून विहीर भरते. नीट घेतलेल्या चाचण्यांत पाणाड्यांचे अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा सरस ठरलेले नाहीत. 'सौरऊर्जा आली की पाणी फुकट' हाही असाच भाबडेपणा. सौर वीज युनिटाचा दर कमी करेल, ज्यूल कमी करणार नाही, आणि पॅनेललाही भांडवल लागतंच.

आटपाडीच्या चळवळीने, नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी, समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली: पाणी प्रत्येक कुटुंबाला, ठरलेल्या मापाने. हिशेबाने तीच बरोबर ठरते. सरकारने ८१ टक्के द्यावेत, पण कुटुंबामागे ठरावीक घनमीटरांपुरते. त्याहून जास्त पाणी घेऊन ऊस लावायचा असेल, तर वरच्या प्रत्येक घनमीटरची पूर्ण वीज त्या शेतकऱ्याने भरावी. बंद पाइपातून दिलेलं पाणी मोजता येतं, आणि शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याची तरतूद सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्यातच आहे.