सीरियातील निरीक्षक मोहिमा : एका पडताळणीची पार्श्वभूमी

सीरियात सरकारविरोधी आंदोलन चिरडले जात असताना, १९ डिसेंबर २०११ रोजी कैरो येथे त्या देशाच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांनी ज्या दस्तऐवजावर सही केली, तो गुन्ह्यांच्या तपासाचा करार नव्हता आणि नागरिकांच्या संरक्षणाचाही नव्हता. २ नोव्हेंबर रोजी सरकारने अरब देशांच्या प्रादेशिक संघटनेला (अरब लीगला) चार आश्वासने दिली होती. हिंसाचार सर्व बाजूंनी थांबेल, अटकेतील आंदोलकांची सुटका होईल, शहरांतून व वस्त्यांतून लष्कर मागे घेतले जाईल आणि संघटनेच्या प्रतिनिधींना व पत्रकारांना देशात मोकळेपणाने फिरता येईल, अशी ती आश्वासने होती. ती पाळली जात आहेत किंवा नाहीत एवढेच पाहण्यासाठी निरीक्षक पाठवायचे, असे या दस्तऐवजात ठरले. आश्वासन आणि सही यांमध्ये सात आठवडे गेले. या काळात संघटनेने सीरियाचे सदस्यत्व स्थगित केले व आर्थिक निर्बंध लादले, तर सरकार सार्वभौमत्वाचा मुद्दा पुढे करून मसुद्यात बदल मागत राहिले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मृतांची संख्या ५,००० च्या पुढे गेल्याचे जागतिक संघटनेच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) मानवी हक्क आयुक्तांनी सुरक्षा परिषदेला सांगितले होते. वाटाघाटींचा प्रत्येक आठवडा दरा, हमा आणि होम्स या शहरांतील कुटुंबांना किती महाग पडला, हे या दिरंगाईकडे पाहताना लक्षात ठेवावे लागते.

बाहेरच्या साक्षीदारांचे महत्त्व सीरियातील लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. फेब्रुवारी १९८२ मध्ये हमा शहरातील उठाव चिरडला गेला, तेव्हा तेथे काय घडले ते पाहणारा त्रयस्थ कोणीही नव्हता. त्यामुळे मृतांचा आकडा १०,००० पासून ४०,००० पर्यंत कोठेही सांगितला जातो. अन्यत्र मात्र निःशस्त्र निरीक्षकांची पद्धत १९९० च्या दशकात रुळली होती. एल साल्वादोरमध्ये १९९१ साली युद्धविरामाच्या आधीच मानवी हक्क निरीक्षक पोहोचले. बॉइपटाँगच्या हत्याकांडानंतर १९९२ साली दक्षिण आफ्रिकेत निरीक्षक पाठवण्यात आले आणि १९९८ च्या अखेरीस कोसोव्होत २,००० पर्यंत पडताळणी करणाऱ्यांना परवानगी मिळाली. अरब संघटनेकडे असा अनुभव जवळपास नव्हता, आणि नेमक्या याच संघटनेवर पहिली जबाबदारी येऊन पडली.

पुढचा सगळा गोंधळ ‘निरीक्षण’ या शब्दाभोवती फिरतो, म्हणून त्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. निदर्शकांच्या दृष्टीने निरीक्षक म्हणजे ज्याच्या डोळ्यांदेखत सैनिक गोळी झाडणार नाहीत असा माणूस. सरकारच्या दृष्टीने तो पाहुणा होता. त्याच्या सुरक्षेची हमी सरकारने घ्यायची, आणि त्यामुळे त्याच्यासोबत सरकारचे लोक असणे ओघानेच येते. देशाबाहेरच्या विरोधी गटांना तो खटल्याचा साक्षीदार वाटत होता. करारातील अर्थ या तिन्हींपेक्षा अरुंद होता. दिलेल्या आश्वासनांची पडताळणी करायची आणि अहवाल संघटनेकडे सोपवायचा, इतकेच त्यात होते. पथकाने एखादा गोळीबार रोखावा, जबाबदार अधिकाऱ्याचे नाव निश्चित करावे किंवा जखमींना सोडवून न्यावे, अशी तरतूद त्यात नव्हती. हा फरक लोकांना कोणी मोकळेपणाने सांगितला नाही. माझ्या मते त्या मोहिमेची सर्वांत मोठी चूक हीच होती, कारण लोक आपापल्या समजुतीवर विसंबून रस्त्यावर उतरले.

२७ डिसेंबर रोजी पथक होम्समध्ये पोहोचले, तेव्हा तेथे हजारो लोक जमले होते. बाबा अम्र या वस्तीतून काही तास आधी रणगाडे हलवण्यात आले, असे स्थानिक कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. पथकासोबत लष्करी अधिकारी आल्यामुळे रहिवाशांनी त्याला आत येऊ दिले नाही, असेही त्यांनी सांगितले. मोहिमेचे प्रमुख सुदानचे माजी लष्करी गुप्तचर प्रमुख होते आणि त्या देशातील दारफुरच्या संघर्षामुळे त्यांच्या निवडीवर आधीच आक्षेप घेतले गेले होते. होम्समध्ये भीतीदायक काही दिसले नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी पहिल्या भेटीनंतर काढल्याने उरलेला विश्वासही डळमळला. दरामध्ये एका निरीक्षकाने छतांवरील नेमबाज आपण स्वतः पाहिल्याचे कॅमेऱ्यासमोर सांगितले, तेव्हा ते विधान केवळ ‘दिसले तर’ अशा अर्थाचे होते, असा खुलासा प्रमुखांनी केला. तरीही ३० डिसेंबरच्या शुक्रवारी इदलिब, हमा आणि अन्य शहरांत प्रचंड गर्दी झाली. कोणीतरी पाहत आहे या जाणिवेची ताकद किती असते, हे त्या दिवशी दिसले. पथक दुसऱ्या वस्तीत गेल्यावर मागे राहिलेल्यांना काय सोसावे लागेल याचा विचार मात्र कराराच्या कोणत्याही कलमात नव्हता.

जानेवारीत एका अल्जीरियन निरीक्षकाने राजीनामा देऊन ही मोहीम म्हणजे निव्वळ देखावा असल्याचा आरोप केला. लाताकियामध्ये निरीक्षकांवरच हल्ला झाला. होम्समध्ये सरकारी परवानगीने गेलेला एक फ्रेंच पत्रकार ११ जानेवारी रोजी मारला गेला.

२४ डिसेंबर ते १८ जानेवारी या काळाचा अहवाल वाचताना मोहिमेची दोन रूपे दिसतात. १३ अरब देशांतून व सहा संस्थांतून आलेल्या सुमारे १६६ निरीक्षकांनी १५ विभागांत काम केले. ७,६०४ जणांची सुटका केल्याचे सरकारचे म्हणणे होते आणि त्यांपैकी ५,१५२ जणांच्या सुटकेची खात्री पथकाला करता आली. हे काम क्षुल्लक नव्हते. वाद पेटला तो दुसऱ्याच शब्दावरून. करारात उल्लेख नसलेला एक ‘सशस्त्र घटक’ प्रत्यक्षात अस्तित्वात आहे, असे अहवालात नोंदले गेले. सरकारने ते विधान उचलून धरले आणि आपण पहिल्यापासून हेच सांगत होतो असा दावा केला. त्याच परिच्छेदातील पुढचे वाक्य मात्र फारसे उद्धृत झाले नाही. मोहीम येण्यापूर्वी निदर्शनांविरुद्ध सरकारी दलांनी केलेल्या अतिरेकी बळाच्या वापरातूनच हा घटक निर्माण झाला, यात शंका नसल्याचे त्या वाक्यात म्हटले होते. विरोधी गटांनीही अहवाल संपूर्णपणे नाकारला आणि स्वतःच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा त्यासोबत सोडून दिला.

अहवाल सादर झाला तोपर्यंत राजकारण त्याच्या पुढे निघून गेले होते. २२ जानेवारी रोजी संघटनेने मोहिमेची मुदत महिनाभर वाढवली आणि त्याच बैठकीत राष्ट्राध्यक्षांनी अधिकार उपाध्यक्षांकडे सोपवावेत अशी मागणी केली. आखाती देशांनी आपापले निरीक्षक परत बोलावले आणि २८ जानेवारी रोजी काम स्थगित झाले. हा निर्णय आजही वादग्रस्त आहे. वाढत्या हिंसाचारात निःशस्त्र माणसांना ठेवणे बेजबाबदारपणाचे ठरले असते आणि त्यांच्या उपस्थितीने सरकारला प्रतिष्ठा मिळत होती, असे समर्थक म्हणतात. पथक वाढवण्याऐवजी काढून घेतल्याने रस्ता मोकळा झाला, हा टीकाकारांचा मुद्दा आहे. ४ फेब्रुवारी रोजी सुरक्षा परिषदेतील ठरावाला १३ मते मिळूनही रशिया व चीनच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला आणि बाबा अम्रवरील तोफमारा महिनाभर चालला, हा घटनाक्रम पाहता टीकाकारांचे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही.

जागतिक संघटनेची दुसरी मोहीम याच अनुभवातून आली. तिच्या माजी सरचिटणीसांनी सहा कलमी योजना मांडली, १२ एप्रिल रोजी युद्धविराम सुरू झाला आणि आधी ३०, नंतर ३०० पर्यंत निःशस्त्र लष्करी निरीक्षकांना ९० दिवसांसाठी परवानगी मिळाली. नॉर्वेच्या मेजर जनरलांकडे नेतृत्व होते आणि या वेळी माणसे प्रशिक्षित होती. २५ मे रोजी हूला परिसरात १०८ जण मारले गेले. त्यांत ४९ मुले होती. दुसऱ्या दिवशी निरीक्षक तेथे गेले, मृतदेह मोजले आणि तोफा व रणगाड्यांचे गोळे वापरल्याच्या खुणा नोंदवल्या. हे घडलेच नाही असे त्यानंतर कोणालाही म्हणता आले नाही. घडले ते थांबवण्याचे साधन मात्र याही मोहिमेकडे नव्हते. जूनमध्ये कुबैर गावाकडे जाणाऱ्या पथकावर गोळीबार झाला, १६ जूनला गस्त थांबवण्यात आली आणि १९ ऑगस्टच्या मध्यरात्री मोहिमेची मुदत संपली.

त्यानंतर परवानगी घेऊन आत जाण्याऐवजी बाहेर राहून पुरावे जमवण्याकडे कल वळला. २०११ साली नेमलेला स्वतंत्र चौकशी आयोग मुख्यतः निर्वासितांच्या व पीडितांच्या दूरस्थ मुलाखतींवर काम करत राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेला वगळून आमसभेने पुरावे गोळा करून जपणारी आणि खटल्यांची तयारी करणारी यंत्रणा उभारली. २०१८ साली म्यानमारसाठी आणि २०२२ साली इराणमधील निदर्शनांच्या दडपशाहीच्या चौकशीसाठी बाहेरूनच काम करणारी मंडळे नेमली गेली. बांगलादेशात २०२४ च्या आंदोलनात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा निष्कर्ष निघाला तो प्रत्यक्ष तेथे जाऊन, पण सत्ता बदलल्यानंतर नव्या हंगामी सरकारने दिलेल्या निमंत्रणावरून.

सीरियातील राजवट ८ डिसेंबर २०२४ रोजी कोसळली. आठ वर्षे सीमेबाहेरून काम केलेल्या पुरावा यंत्रणेचे प्रमुख त्याच महिन्यात प्रथमच दमास्कसमध्ये उतरले आणि देशात काम सुरू करण्याची परवानगी त्यांनी नव्या प्रशासनाकडे मागितली.