फुलाचं झाड आणि पानाचं झाड

फुलपाखरांसाठी बाग लावायची म्हणून रोपवाटप ठेवलं की टेबलावरची फुललेली रोपं पहिल्या अर्ध्या तासात संपतात. नुसत्या पानांची रोपं संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहतात. अशा कार्यक्रमांना मी नेहमी मदतीला असते आणि दर वेळी हे बघून जीव हळहळतो. कारण बागेत फुलपाखरू येणं वेगळं आणि बागेत फुलपाखरू जन्माला येणं वेगळं. दोन्हीला लागणारी झाडंही बहुतेक वेळा वेगळी असतात.

पहिलं झाड मकरंदाचं. फुलपाखराला सोंडेने गोड रस प्यायचा असतो. सोंड पोचली आणि रस मिळाला की त्याला फूल कोणाचं याची फारशी पर्वा नसते. झेंडू चालतो, झिनिया चालतो. फक्त गच्च पाकळ्यांचे डबल प्रकार टाळावेत. त्यांत अनेकदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग जवळपास नसतो आणि मकरंदापर्यंत सोंड पोचणंही अवघड होतं.

दुसरं झाड अळीचं, म्हणजे खाद्य वनस्पती. इथे मात्र चोखंदळपणा टोकाचा असतो. बिबळ्या कडव्याची मादी रुईवर अंडी घालते. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीड या रुईच्या भाऊबंदाशिवाय दुसऱ्या कशावर वाढत नाही. हळदी-कुंकू नावाच्या फुलपाखराला लागतं बांडगूळ, जे आपण झाडाला त्रास म्हणून उपटून टाकतो. मादी पानावर उतरते, पुढचे पाय झपाझप आपटते आणि पायांनीच पानाची चव घेते. पटलं तर अंडं, नाहीतर पुढचं झाड.

माझ्या कुंडीतल्या लिंबावर एकदा कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली. पुसायला बोट नेलं तर ती हलली. लिंबू फुलपाखराची लहान अळी अशीच दिसते. पुढे ती हिरवीगार होते, आणि धक्का लागला की डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढून उग्र वास सोडते. त्या आठवड्यात लिंबाचा शेंडा पार बोडका झाला. मी तो तसाच राहू दिला, कारण झाड लावलं होतं त्यासाठीच.

सगळ्यात मोठा घोळ घाणेरीमुळे होतो. तिच्यावर फुलपाखरांची झुंबड असते, म्हणून ती बागेत लावावी असं अनेकांना मनापासून वाटतं. मकरंद ती देते, यात शंका नाही. पण तिचं पान बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांना चालत नाही. शिवाय मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती बाहेर जिथे पसरते तिथे स्थानिक झुडपांची जागा खाते, आणि त्यात अळ्यांना लागणारी झुडपंही जातात.

याच्या उलट, खाद्य वनस्पती असूनही चूक होऊ शकते. अमेरिकेतल्या (यूएसए) दक्षिणेकडच्या राज्यांत मोनार्कसाठी उष्ण कटिबंधातलं मिल्कवीड हौसेने लावलं जातं. तिथलं देशी मिल्कवीड हिवाळ्यात वाळतं, हे मात्र हिरवं राहतं. त्यामुळे पानांवर एक सूक्ष्म परजीवी साचत जातो आणि एकामागून एक पिढ्यांच्या अळ्यांना बाधतो. म्हणून ‘अळीला चालतं का?’ या प्रश्नाला जोडूनच ‘ते इथलं आहे का?’ हेही विचारावं लागतं. देशी हा शब्द देशाच्या सीमेवर ठरत नाही, त्या त्या भागावर ठरतो.

मधमाश्यांची गोष्ट निराळी. जगात मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या सुमारे 20,000 जाती आहेत आणि बहुतेक एकेकट्या राहतात. पिल्लांना त्या पान नाही, पराग भरवतात. त्यांच्यासाठी फुलं हवीत आणि घरट्यासाठी थोडी उघडी माती.

रोपवाटप करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: दोन्ही रोपं जोडीनेच द्या, सुटी देऊ नका. रोपवाटिकेत झाडात भिनणारं कीटकनाशक घातलेलं नाही ना, हे आधी विचारून घ्या, कारण ते पानात उतरतं तसंच मकरंदातही उतरतं. आणि पानाच्या रोपाला चिठ्ठी बांधा: ‘या पानांना भोकं पडणार आहेत. फवारू नका.’