पार्श्वभूमी : "जंगलातून काय आणता?" "काई नाई बा"

बीडमधल्या धारूरकडच्या बालाघाट डोंगरात एका तांड्यावर सर्व्हेचे फॉर्म घेऊन गेलो होतो, दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झालेले, आणि अर्ध्याच्या वर घरांना कुलपं. मुकादमाची उचल घेतलेली सगळी कोयती, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्याला गेलेली, मागं राहिली म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. एका आजीला फॉर्ममधला पहिलाच प्रश्न विचारला, जंगलातून काय काय आणता? आजी म्हणली, "काई नाई बा." आणि तिच्या मागंच भिंतीला सरपणाची मोळी टेकवलेली, त्यात दोन-चार ओल्या फांद्या पण. माझ्या गळ्यात आयकार्ड, हातात कागद, म्हणजे तिच्या हिशोबानं मी फॉरेस्टवालाच. मग फॉर्म पिशवीत टाकला, ओट्यावर बसलो आणि विचारलं चूल कशावर पेटते, तर सरपण, शेळ्यांचा पाला, सीताफळाच्या पाट्या, सगळं एकेक करून बाहेर आलं. गॅस पण होता, टाकी रिकामी होती.

लोकांचं पोट आणि जंगलाचं राखणं यांचा संबंध काय, यावर आता जगभर अभ्यास होतो, पण आपल्याकडं हा प्रश्न विचारला की उत्तर असं तोंडातच का अडकतं, त्याच्यामागं शंभर वर्षांची गोष्ट आहे.

मराठवाड्यात जंगल आहे का म्हणून पुण्या-मुंबईचे लोक हसतात. लातूर-परभणीपुरतं हसणं चुकीचं नाही. पण नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरला जा, पैनगंगेच्या काठानं सागाचं चांगलं दाट पानगळीचं जंगल आहे आणि त्यात गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा अशी सगळी वस्ती. हे किनवट १९५६ पर्यंत नांदेडात नव्हतंच, ते होतं आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नदीच्या पलीकडं वऱ्हाड, तिथं इंग्रजांचा कायदा, अलीकडं निजामाचा. साग मात्र दोन्हीकडं तोच, आणि दोन्हीकडच्या सरकारांना तो महसूल म्हणूनच दिसत होता.

त्या आदिलाबादेत गोंडांची शेती फिरती होती, एक तुकडा काही वर्षं कसायचा, मग पडीक सोडून दुसऱ्याकडं जायचं, पहिल्यावर झाडोरा वाढला की परत यायचं. राखीव जंगलाच्या रेषा आखायला माणसं आली तेव्हा हे पडीक तुकडे त्यांना जंगलच दिसले आणि बरेचसे रेषेच्या आत गेले. काल ज्याचं शेत होतं तो आज अतिक्रमणवाला झाला. दंड, जप्ती, गार्डाची चिरीमिरी हे त्याच्या मागोमाग आलंच. गोंडांचा पुढारी कोमाराम भीम उठला तो यातूनच, १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला, आणि "जल, जंगल, जमीन" ही घोषणा आज त्याच्याच नावानं ओळखली जाते.

इथं गोष्टीला एक गमतीदार वळण आहे. ऑस्ट्रियाचे एक मानवशास्त्रज्ञ, ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ, महायुद्ध लागलं तेव्हा भारतात होते आणि शत्रूदेशाचा पासपोर्ट म्हणून त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर हिंडायची बंदी. भीमाच्या उठावानंतर निजाम सरकारनं त्यांनाच गोंडांमध्ये पाठवलं, हे लोक का बिघडले ते बघून या म्हणून. ते गोंडांमध्ये राहिले, गोंडी शिकले आणि सांगितलं काय तर तुमच्या रेषा आणि तुमचे पटवारी. पुढं हजारो गोंड कुटुंबांना पट्टे मिळाले. आमच्या भागातला जंगल-आणि-माणूस या विषयाचा पहिला धड अभ्यास हाच म्हणायचा, आणि तो असा स्थानबद्ध माणसाच्या हातून झाला.

लगेच पुढं १९४७-४८, मुक्तिसंग्राम. त्यात एक कार्यक्रम होता शिंदीची झाडं तोडायचा, कारण शिंदीच्या दारूतून निजामाला आबकारीचं, म्हणजे दारूवरच्या कराचं, उत्पन्न. झाडं लावा असं शिकवणाऱ्या आजच्या मास्तरांना हे सांगितलं की ते बुचकळ्यात पडतात, पण लोकांच्या डोळ्याला ते झाड म्हणजे सरकारचा गल्ला होता, गल्ल्यावर कुऱ्हाड घातली, इतकं साधं. जंगल सत्याग्रह पण झाले.

निजाम गेला, भाषावार प्रांत झाले, किनवट नांदेडला जोडलं, साहेबाची भाषा उर्दूची मराठी झाली. रेषा तिथल्या तिथंच.

मग १९७२ चा दुष्काळ. रोजगार हमी आली, तिचा कायदा १९७७ चा, आणि दुष्काळाच्या कामावरची माणसं खडी फोडता फोडता डोंगरावर चर खोदायला आणि रोपं लावायला पण लागली. म्हणजे ज्याला जंगलात जायला बंदी तोच मजुरीवर जंगल लावतोय. १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण खातं आलं, त्याची नजर गायरानावर, आणि गायरान काय रिकामं नसतं हो. तिथं गावची जनावरं चरतात आणि मराठवाड्यात तर भूमिहीन दलित कुटुंबं ते कसत आलीत, दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह १९५९ आणि १९६४ चे, त्याच्या पुढची ही लढाई. १९९१ च्या जीआरनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची काही अतिक्रमणं नियमित करायची म्हटलं, पण सातबारावर नाव यायला किती चपला झिजल्या ते ज्याचं त्याला ठाऊक. वनीकरणाच्या फलकावर हे काही नसतं, हेक्टर आणि रोपांची संख्या असते फक्त. रोपं पण कुठली, तर गिरीपुष्प, जनावर सहसा तोंड लावत नाही म्हणून.

तोंड लावण्यावरून सीताफळाचं सांगतो, कारण माझ्या मते बालाघाटाचं सगळं शास्त्र त्यात आहे. सीताफळ आपलं नाही, मूळ अमेरिकेचं, पोर्तुगीजांबरोबर आलं म्हणतात. शेळी त्याचा पाला खात नाही. त्यामुळं पिढ्यानपिढ्या चराई झालेल्या डोंगरावर बाकीचं खुरडलं आणि सीताफळ, तरवड असलं उरलं. उपग्रहाच्या फोटोत हे ऱ्हास झालेलं जंगल, आणि आजीच्या लेखी भाद्रपद-आश्विनातली रोकड. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. हा डोंगर शेळीनं घडवलाय, आता त्यातून शेळी वजा करून संवर्धन कसं करणार?

बाहेर तोवर विचार बदलत होता. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन हा अमेरिकेचा पर्यावरण अभ्यासक म्हणाला की सगळ्यांची म्हणून जी कुरणं असतात ती सगळे मिळून संपवतात, बऱ्याच सरकारांना ते फार पटलं. तिकडच्याच अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी गावोगावचे दाखले घेऊन दाखवलं की लोक स्वतः नियम करून राखतात पण, ठरवायचा हक्क त्यांच्याकडं असेल तर. त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडं १९९२ पासून संयुक्त वनव्यवस्थापनाच्या, म्हणजे वनखातं आणि गाव मिळून जंगल राखायच्या, समित्या निघाल्या, काही चांगल्या चालल्या, बऱ्याच रजिस्टरात राहिल्या.

आणि मग २००६ चा वनहक्क कायदा. कसणाऱ्याला हक्क, गावाला सामूहिक हक्क, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा पाहिजे. आता खरी मेख बघा. आदिवासीला तेवढं पुरतं, पण बिगरआदिवासीला ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, म्हणजे १९३० च्या आधीचा, म्हणजे निजामाचं दप्तर, म्हणजे उर्दू. आणि बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत, शेजारी तेलंगणात अनुसूचित जमातीत. एकाच गोताचे दोन तांडे, एक आदिलाबादेत, एक किनवटात, एकच जंगल, एकच धंदा, पण पुरावा वेगळा. मधली सीमा १९५६ ची. कायद्यात वडीलधाऱ्यांची तोंडी साक्ष चालते असं लिहिलंय, पण टेबलावर कागदच मागतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं शोधली गेली तेव्हा एका तांड्याचे नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, मला म्हणाले, "आमचं पण बघा की त्यात काही निघतंय का."

दंडाच्या भीतीनं ज्यांनी जन्मभर "काई नाई बा" म्हणून वेळ मारून नेली, त्यांनाच आता म्हणतात दाखवा तुम्ही जंगलावर जगता ते. म्हणून फॉर्म घेऊन जाणाऱ्यांना माझं एवढंच की दिवाळीनंतर जाऊ नका, तांडा रिकामा असतो आणि निष्कर्ष निघतो की लोक जंगलावर फारसे अवलंबून नाहीत. उन्हाळ्यात जा, किनवटकडं मोह-चारोळी-तेंदूपानाच्या दिवसांत, आणि बाईला विचारा, मोळी ती आणते, फॉर्मवर सही बाप्या करतो.

डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडचा एक वाघ चालत चालत थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात आला, कॅमेऱ्यात दिसला, आणि तिथून आसपासच्या गावांची जनावरं मारायला लागला. अभयारण्य सगळं मिळून सुमारे २२ चौरस किलोमीटर, त्यात त्याचं भागणार कसं. तिकडं गेलो होतो तेव्हा गाय गेलेल्या एका मामांना विचारलं, कुठं चरत होती हो? मामांनी आधी माझ्या गळ्यातल्या कार्डाकडं बघितलं. म्हणले, "बांधावर."